हँडल डावीकडे वळवून पाहा, मग वायरिंगला हात लावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका शिक्षक वाचकाचं पत्र आलं होतं. वडिलांची जुनी मोटारसायकल रात्री चालता चालता अचानक बंद पडली. इंजिन, हेडलाइट, हॉर्न, सगळं एका क्षणात गेलं. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली आणि मग त्यांना सांगण्यात आलं की वायरिंग पूर्ण बदलावं लागेल, आणि एवढा पैसा जुन्या गाडीत घालण्यापेक्षा ती भंगारात दिलेली बरी. काय करावं, असं त्यांनी वाचकांनाच विचारलं होतं. ते वाचल्यावर मला राहवलं नाही. गुरुजी, गाडी देऊ नका. निदान हे पत्र पूर्ण वाचेपर्यंत तरी देऊ नका.

मी पाटणचा. चौतीस वर्षं लाइनमन म्हणून खांबावर चढलो, आता निवृत्त आहे. मोटारसायकलचा मेकॅनिक मी नाही. पण वीज कुठे अडली आणि कुठे गळाली हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं, आणि बारा व्होल्टची वीज काही वेगळी वागत नाही. माझ्याकडे 1996 ची बुलेट आहे. ओतीव लोखंडाचं इंजिन, पॉइंटवर (ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या दोन टिकल्यांवर) चालणारी, उजव्या पायाला गिअर. गुरुजींच्या गाडीला जे झालं, अगदी तेच माझ्या गाडीला गेल्या आषाढात कुंभार्ली घाटात झालं. म्हणून ते जसं घडलं तसं सांगतो.

चिपळूणला लेकीकडे गेलो होतो. येताना मागे आमची सौ. होती. पोफळी सोडली तेव्हा पाऊस थांबला होता, पण वर धुकं इतकं उतरलेलं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसावा. घाटमाथा यायला चारपाच वळणं राहिली असतील. एका डावीकडच्या तीव्र वळणावर हँडल वळवलं आणि सगळं गेलं. इंजिनचा आवाज नाही, पुढे उजेड नाही, हॉर्नचं बटण दाबलं तर नुसतीच बटणाची टकटक, हॉर्न नाही. मागून मालाचा ट्रक चढत होता. त्या दोन-तीन सेकंदांत छातीत जे होतं ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळेल. पुढचा ब्रेक धरून गाडी मातीच्या कडेला घेतली. सौ. उतरली आणि मोबाइलचा टॉर्च लावून ट्रककडे हलवत उभी राहिली. ट्रकवाल्याने वेग कमी केला आणि बाजूने गेला. घाटात गाडी बंद पडली तर पाना काढण्याआधी हे करायचं: गाडी कडेला आणि मागच्या बाजूला उजेड धरणारं माणूस.

आता पहिला प्रश्न. काय काय गेलं? हा प्रश्न मेकॅनिकने गुरुजींना विचारला होता का, हे त्यांच्या पत्रात नाही, पण निम्मं उत्तर त्यातच असतं. फक्त इंजिन बंद पडलं आणि दिवे, हॉर्न चालू असतील तर बॅटरीकडे बघू नका. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग या ठिणगी पाडणाऱ्या बाजूला जा. तापल्यावर बंद आणि अर्ध्या तासाने थंड झाली की चालू असं होत असेल तर कंडेन्सर किंवा कॉइलवर संशय घ्या. फक्त हेडलाइट गेला आणि बाकी सगळं चालू असेल तर बल्ब, त्याचा होल्डर, डिपर स्विच. पण सगळंच एकदम गेलं असेल तर वाट एकच. बॅटरी, तिथून फ्यूज, तिथून वर अँपिअर मीटर, तिथून किल्ली. करंट जाण्याचा एवढाच सगळ्यांचा सामाईक रस्ता आहे, पुढे मग फाटे फुटतात. दहा ठिकाणी एकाच क्षणी बिघाड होत नसतो. गावातली सगळी घरं एकदम अंधारात गेली तर लाइनमन घराघरांत जाऊन मीटर उघडत नाही, तो ट्रान्सफॉर्मरकडे जातो.

बुलेटच्या हेडलाइटवर अँपिअर मीटर असतो, करंट बॅटरीत जातोय (अधिक) की बाहेर पडतोय (उणे) ते काट्याने दाखवणारा. हल्लीच्या पोरांना तो शोभेचा वाटतो. मला तो अख्ख्या गाडीतला सगळ्यात खरं बोलणारा भाग वाटतो. किल्ली चालू करून किक हळूहळू पायाने दाबली की पॉइंट मिटल्यावर काटा थोडा उणेकडे झुकतो, पॉइंट उघडले की मध्यावर येतो. जुने लोक किक मारण्याआधी डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी दांडी) दाबून काटा मध्यावर आणतात ते याचसाठी. काटा असा डोलला म्हणजे बॅटरीपासून कॉइलपर्यंत करंट पोहोचतोय आणि पॉइंटही काम करताहेत, हे काहीही न उघडता कळतं. काटा जागचा हललाच नाही तर करंट वर येतच नाही. काटा उणेकडे जाऊन तिथेच चिकटून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर आत शॉर्ट झालाय. आणि काटा एकदम उणेच्या टोकाला आपटला तर किल्ली ताबडतोब बंद करा, कुठेतरी वायर चेसीला टेकली आहे.

त्या रात्री काटा मेलेला होता. बाजूचा डबा उघडला, बॅटरीचे दोन्ही नट हाताने हलवून बघितले, घट्ट होते. हे आधी बघायचं, कारण बुलेटच्या थरथरीने नट सैल होतात आणि दहातल्या कितीतरी 'जळालेल्या वायरिंग' इथेच भेटतात. मग फ्यूज काढला. काचेच्या नळीत आतली तार नव्हती, काच आतून काळी चांदी लावल्यासारखी झाली होती. तार नुसती मधोमध वितळून तुटली तर जास्त भार किंवा जुनाट फ्यूज म्हणता येतं. काच अशी काळी झाली म्हणजे तार एका फटक्यात वाफ होऊन गेली, म्हणजे शॉर्ट. हे मला माहीत होतं. तरीही अंधार, धुकं आणि बायको रस्त्यावर उभी, या घाईत मी जवळचा एकुलता एक जादा फ्यूज घातला आणि किल्ली फिरवली. काटा टोकाला आपटला आणि परत मध्यावर येऊन पडला. दुसराही फ्यूज गेला. ही चूक माझी. कारण शोधल्याशिवाय फ्यूज घालायचा नाही, हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

एवढ्यात एक चारचाकीवाला थांबला. पोरगा चांगला होता, काका काही मदत हवी का म्हणाला. खिशातून सिगारेटचं पाकीट काढून त्यातला चंदेरी कागद पुढे केला. "फ्यूजला गुंडाळा, चालू होईल." बऱ्याच जणांनी हे केलेलं असतं आणि बऱ्याच वेळा गाडी चालूही होते. मी नको म्हणालो. कारण नीट समजून घ्या. मोटारसायकलची बॅटरी लहान दिसते, पण तिची अधिक आणि उणे बाजू थेट भिडली तर ती काही सेकंद भरपूर करंट ओतू शकते. त्या करंटने कुठेतरी काहीतरी वितळतंच. फ्यूज वितळला नाही तर वायर वितळते. वायर टाकीखालून जाते. टाकीत पेट्रोल असतं. घरोघरी किटकॅटमध्ये, म्हणजे मीटरजवळच्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये, जाड तांब्याची तार घातलेली मी पाहिली आहे. किटकॅट शाबूत आणि भिंतीतली वायर जळून कोळसा. त्या घरातल्या लोकांनाही 'चालू झालं' असंच वाटलं होतं.

माझ्या पिशवीत कायम एक वस्तू असते. इंडिकेटरपेक्षा थोडा मोठा, ब्रेक लाइटचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब, त्याला दोन हात लांब वायर आणि टोकांना चिमटे. घरगुती वायरिंगवाले ज्याला सिरीज बल्ब म्हणतात, त्याचं हे धाकटं भावंड. फ्यूजच्या दोन्ही टोकांच्या जागी हे दोन चिमटे लावले. आता कितीही शॉर्ट असो, बल्बमधून पावणेदोन अँपिअरहून जास्त करंट जाऊच शकत नाही. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, शॉर्ट सुटला की मंद होईल किंवा विझेल. म्हणजे फ्यूज उडवत बसण्याऐवजी दिवाच आपल्याला सांगतो की आता लागलंय, आता सुटलंय.

किल्ली बंद, बल्ब विझलेला. किल्ली चालू, बल्ब लख्ख. म्हणजे दोष किल्लीच्या पुढच्या वायरमध्ये आहे, बॅटरीपासून किल्लीपर्यंतची वाट साफ आहे. अर्धी गाडी इथेच मोकळी झाली. आम्ही अकरा हजार व्होल्टची लाइन ट्रिप झाली की हेच करायचो. सगळे खांब चालत बघायचे नाहीत. मधला स्विच उघडून अर्धी लाइन चार्ज करायची. टिकली तर दोष पलीकडच्या अर्ध्यात. मग त्याचा अर्धा. चाळीस खांबांवरची फुटलेली चिनीमातीची डबी (इन्सुलेटर) अशी पाच-सहा फेऱ्यांत सापडते.

हेडलाइट, इंडिकेटर बंदच होते. किक हळू दाबून पॉइंट उघडे ठेवले, म्हणजे कॉइलचा करंट मध्ये यायला नको. बल्ब अजून लख्ख. मग गाडी साइड स्टँडवरून सरळ करायला मी हँडल धरलं आणि उजवीकडे वळवलं. बल्ब विझला. परत डावीकडे नेलं. अर्ध्या वाटेवर काही नाही, आणि शेवटच्या चार बोटांत, हँडल अडण्याच्या जरा आधी, बल्ब पुन्हा लख्ख. सौ. लांबून ओरडली, "पेटला!" तिला वाटलं गाडीच चालू झाली. मला त्या क्षणी सगळं लागलं. गाडी डाव्या वळणावर का मेली ते कळलं, आणि दुसरा फ्यूज लगेच का गेला तेही. साइड स्टँडवर उभ्या गाडीचं हँडल डावीकडेच पडलेलं असतं.

हेडलाइटच्या मागे, हँडलच्या गळ्यापाशी, सगळ्या वायरींची जुडी चेसीकडे वळते. दर वळणाला ती वाकते आणि सरळ होते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत किती वेळा, ते कोणी मोजावं. पण माझ्या गाडीत नुसत्या वयाने ते झालं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये हेडलाइटची काच बदलली होती. काम करताना मूळ पत्र्याची क्लिप काढली गेली आणि तिच्याजागी जुडी प्लास्टिकच्या टायने चेसीला घट्ट आवळली. दिसायला टापटीप. पण जुडीला गळ्यापाशी ढील लागते. आवळलेली जुडी हँडल डावीकडे गेलं की ताणली जायची आणि वेल्डिंगच्या कडेवर घासायची. टाय कापली, जुडी उलटी केली, तर वरचं काळं आवरण फाटलेलं आणि आत एका वायरचं प्लास्टिक गव्हाच्या दाण्याएवढं सोललेलं. तांबं चकचकीत दिसत होतं. समोर चेसीवर तेवढाच काळा ठिपका. अख्ख्या 'जळालेल्या वायरिंग'चा दोष एवढा होता.

रेनकोटच्या पिशवीचं प्लास्टिक कापून गुंडाळलं, वर टेप. हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत नेऊन पाहिलं, बल्ब विझलेलाच. आता फ्यूज राहिला. तो नव्हता. टेस्ट बल्बच्या वायरमधली तांब्याची एकच केसासारखी तार वेगळी काढली आणि उडालेल्या फ्यूजच्या दोन टोप्यांवर गुंडाळली. एकच, दोन नाहीत. अशा वायरीतली तार साधारण 0.2 मिलिमीटरची असते आणि ती सातेक अँपिअरला वितळते. 35 वॅटचा हेडलाइट तीन अँपिअर खातो, मागचा दिवा आणि कॉइल धरून भार त्याच्या आत बसतो. हॉर्न आणि इंडिकेटरला हात न लावता हेळवाक, कोयनानगर करत पाटणला आलो. सकाळी पहिलं काम बरोबर अँपिअरचा फ्यूज आणून घालणं. हे मी सांगतोय ते तात्पुरतं आहे आणि दोष सापडून बंद केल्यावरचं आहे. दोष तसाच ठेवून तार घालणारा आणि चंदेरी कागद घालणारा यांच्यात मग फरक राहत नाही.

घरी हातभर वायर, त्यावर चढवायची स्लीव्ह, एक ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून भोकात बसवायची रबरी कडी) आणि दोन फ्यूज एवढं सामान लागलं. नोट मोडल्यावर सुटे परत आले.

गुरुजींच्या गाडीचा प्रकार त्यांनी लिहिलेला नाही, म्हणून एक गोष्ट सांगणं भाग आहे. सगळ्या जुन्या गाड्यांची वीज एका जातीची नसते. बुलेटसारख्या बॅटरी-कॉइलच्या गाडीत किल्ली बंद करणं म्हणजे इंजिनची वीज तोडणं. वायर तुटली की इंजिन मेलं. पण मॅग्नेटोवरून, म्हणजे इंजिनबरोबर फिरून स्वतःच वीज तयार करणाऱ्या चुंबकावरून, थेट ठिणगी घेणाऱ्या जुन्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत उलटं आहे. तिथे किल्ली बंद केली की सीडीआयची (ठिणगी सोडणाऱ्या डबीची) एक वायर अर्थला, म्हणजे चेसीला, जोडली जाते आणि ठिणगी मरते. अशी गाडी बॅटरी काढून टाकली तरी किक मारून चालते. माझ्या पुतण्याची अशीच गाडी दर पावसात बंद पडायची. त्याला दोनदा नवी बॅटरी विकली गेली. त्या गाडीच्या इंजिनला बॅटरीची गरजच नव्हती. किल्लीच्या स्विचमध्ये पाणी जात होतं आणि ती बंद करणारी वायर आतल्या आत अर्थला लागत होती. त्या वायरचा कपलर (वायर जोडायचा प्लास्टिकचा जोड) सोडून किक मारली, पहिल्या किकला गाडी चालू. स्विच पुसून, वाळवून, पेट्रोलियम जेली लावून बसवला, त्याला आता तिसरा पावसाळा. तेव्हा कोणी जुन्या गाडीला बॅटरी बदला म्हणालं, तर आधी विचारा, हिची ठिणगी बॅटरीवर आहे की मॅग्नेटोवर. याचं उत्तर ज्याला देता येत नाही त्याला गाडी उघडू देऊ नका.

या अर्थच्या जोडणीविषयी दोन वाक्यं. करंट जाण्याची वायर सगळे बघतात, परत येण्याची वाट कोणी बघत नाही. हौसेने चेसीला नवा रंग किंवा पावडर कोटिंग केलं की अर्थच्या नटाखाली रंग बसतो आणि रंगातून वीज जात नाही. मग दिवे मंद, हॉर्न घशात अडकल्यासारखा, आणि इंडिकेटर लावला की मागचा दिवाही लुकलुकतो. मीटर असेल तर बॅटरीची उणे बाजू आणि इंजिनचं धड यांच्यात, हेडलाइट चालू ठेवून, व्होल्ट मोजा. शून्याच्या अगदी जवळ हवेत. अर्धा व्होल्ट दिसला तर नटाखालचा रंग खरवडा. बॅटरी नुसती उभी असताना साडेबाराच्या वर आणि इंजिन जरा पळवल्यावर साडेतेरा ते साडेचौदा, एवढे आकडे लक्षात ठेवले तरी पुष्कळ. कोकणातून येणाऱ्या गाड्यांच्या कपलरमध्ये हिरवा गंज धरतो, तिथेही आत करंट अडतो. कपलर ओढून, घासून परत लावला की निम्म्या तक्रारी मिटतात.

मेकॅनिक मंडळींवर माझा राग नाही. दिवसाला पंधरा गाड्या उभ्या असताना एका वायरीमागे तासभर बसणं त्यांना परवडत नाही, आणि गिऱ्हाईक त्या तासाचे पैसे द्यायला कुरकुरतं. वायरिंगचा नवा सेट टाकला की बिल दाखवता येतं. ही अडचण मला कळते. पण जुनी कंपनीची जुडी कापून बाजारातली हलकी जुडी टाकली की तिची तांब्याची जाडी कमी, कपलर ढिले, आणि रंग वेगळे. पुढच्या वेळी दोष शोधणारा त्या रंगांत हरवतो. माझी विनंती आहे की दोष शोधण्याची मजुरी वेगळी मागा आणि आम्ही गिऱ्हाइकांनी ती खळखळ न करता द्यावी. सापडलेली सोललेली वायर गिऱ्हाइकाला दाखवा. डॉक्टर एक्स-रे दाखवतो तशी.

दुसरी विनंती परिवहन खात्याला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण होतं. माझ्या गाडीचं 2011, 2016 आणि 2021 असं तीनदा झालं. या तपासणीत एक साधी गोष्ट जोडावी. इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि हँडल डावीकडून उजवीकडे शेवटपर्यंत दोनदा फिरवायचं. दिवा लुकलुकला किंवा इंजिन अडखळलं तर जुडी दुरुस्त करून आणायला सांगायचं. अर्धं मिनिट लागेल. घाटात, अंधारात, मागे ट्रक असताना हा दोष कळण्यापेक्षा तपासणीच्या मैदानात कळलेला बरा. आयटीआयमध्येही मुलांना पॉइंट आणि सिरीज बल्ब हातात द्यावा. पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्या आल्या असल्या तरी पॉइंटच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि वीज शिकायला त्याइतकी उघडी गोष्ट दुसरी नाही.

आणि ज्यांनी बॅटरीवरून थेट, फ्यूजशिवाय, दोन-दोन एलईडी फॉग लाइट ओढले आहेत, त्यांनी आजच त्या वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज घालावा. हे मी हात जोडून सांगतो.

गुरुजी, आता तुमच्या गाडीकडे. अजून कोणी वायरिंग काढलं नसेल तर गॅरेजमध्ये जा, आणि आधी फ्यूजची काच बघा, काळी आहे का. फ्यूजच्या जागी ब्रेक लाइटचा बल्ब जोडायला सांगा. किल्ली चालू करून हँडल हळू डावीकडे आणि मग उजवीकडे न्या. हँडलने फरक पडला नाही तर सीटखाली, मागच्या मडगार्डच्या कडेला, जिथे वायर पत्र्यातून बाहेर येते तिथे बोटांनी हलवत जा आणि डोळे बल्बवर ठेवा. कुठे पेटला किंवा विझला ते खडूने खूण करून ठेवा. आणि काय सापडलं ते याच सदरात कळवा, मी वाट बघतो आहे.

आपला,
एक निवृत्त लाइनमन
पाटण, जि. सातारा